जांभईवरची चर्चा आणि कोपऱ्यातली बाई

आमच्या वाहिनीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. हजेरीपटावर नाव होतं, पण सगळे तिला ‘कोपरा’ म्हणत. ‘कोपरा आला का?’ ‘कोपऱ्याचे दिवे लावा रे.’ टीव्हीच्या पडद्यावर उजवीकडे खाली काडेपेटीएवढी चौकट असायची. तिच्यात उभी राहून ही बाई चाललेलं बोलणं ऐकू न येणाऱ्या लोकांना हातांनी सांगायची. मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा. तिच्या माणसांत तिचं नाव वेगळं होतं आणि ते तोंडाने घ्यायचं नव्हतं. डाव्या खांद्यावरून वेणी खाली ओढल्यासारखी मूठ न्यायची, झालं नाव. म्हणून मी इथे तिला वेणीच म्हणतो.

मी तिथला साऊंडवाला. पाहुण्यांच्या कॉलरला माईक लावायचे आणि कंट्रोल रूममध्ये बसून आवाज वरखाली करायचे, हे काम मी सव्वीस वर्षं केलं. कॉलरला माईक आहे हे माणूस दोन मिनिटांत विसरतो. त्यामुळे पडद्यावर जे दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि जाहिराती चालू असताना काय चालतं ते मला.

वेणीचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. धाकटा भाऊही तसाच. घरात कान फक्त हिला. वडील पुस्तकांची बांधणी करायचे. सहा वर्षांची असल्यापासून ही त्यांच्यासोबत गिऱ्हाइकांकडे जायची, गिऱ्हाईक बोलेल ते हाताने वडिलांना सांगायची आणि वडिलांच्या हातातलं तोंडाने गिऱ्हाइकाला. दुकानदार, घरमालक, शाळेतल्या बाई, सगळ्यांशी घरातर्फे बोलणारी हीच. ‘लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मुली आईबापांच्या वतीने भांडतात,’ असं ती एकदा हसत म्हणाली होती.

ती अकरा वर्षांची असताना वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि हिच्याकडे बघून सांगितलं, ‘फार उशीर झालाय. पाच-सहा महिने. काही आवरायचं असेल तर आवरून घ्यायला सांग त्यांना.’ वडील हिच्या हातांकडे बघत बसले होते. हिने हात उचलले आणि सांगितलं, ‘गोळ्या घ्या, बरं वाटेल.’ वडिलांनी मान डोलावली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी येऊन पुन्हा पुस्तकं शिवायला बसले. सख्ख्या मोठ्या भावाशी त्यांचा नऊ वर्षांचा अबोला होता. तो तसाच राहिला. पाचव्या महिन्यात वडील गेले तेव्हा काका दारात येऊन रडले, ‘मला कळवलं का नाही कोणी?’ आईने हिला विचारलं, ‘डॉक्टर तेव्हा काय म्हणाले होते?’ हिने उत्तर दिलं नाही. आई गेली तोवर दिलं नाही.

पुढे ती रीतसर दुभाषी झाली. पदरचं एक अक्षर घालायचं नाही आणि समोरच्याचं एक अक्षर गाळायचं नाही, हा त्या कामाचा पहिला धडा. बाकीच्यांनी तो वहीत लिहून घेतला असेल. हिला लिहावा लागला नाही.

आमच्या वाहिनीने तिला हौसेने ठेवलेलं नव्हतं. दिवसातून एक तास खुणांच्या भाषेत असलाच पाहिजे, असा सरकारी नियम निघाला होता. मालकांनी संध्याकाळी सात ते आठचा चर्चेचा कार्यक्रम तिच्या वाट्याला दिला. झाडू-बादल्या ठेवायची खोली रिकामी करून तिथे हिरवं कापड टांगलं, दोन दिवे लावले, समोर एक छोटा पडदा ठेवला. खरं तर या कामाला दोघं लागतात. वीस मिनिटांनी माणूस बदलला नाही तर खांदे भरून येतात, डोकं चालेनासं होतं. ही एकटी तासभर उभी राहायची. आठ वाजता बाहेर आली की हात असे सैल सोडून चालायची, जशी ओल्या कपड्यांची बादली वाहून आणलीय.

पडद्याच्या तळाला जी बातम्यांची पट्टी सरकते, ती सुरुवातीला हिच्या कोपरांवरून जायची. हात अर्धे झाकले जात. ‘पट्टी दोन बोटं खाली घ्या,’ हे सांगायला ती चार महिने खेटे घालत होती. शेवटी पट्टी दीड बोट खाली गेली.

भाऊ नदीकाठच्या सखल वस्तीत राहायचा. डाव्या भुवईत जखमेची खूण होती म्हणून त्याचं हातातलं नाव भुवई. पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात तो कामाला होता. तिथली यंत्रं एवढी कर्कश, की मालकाने हिशेब केला, ज्यांना ऐकूच येत नाही ते टिकतील. तीसेक बहिरी माणसं तिथे कामाला होती आणि बरीचशी त्याच गल्लीत राहत होती. भुवईच्या खोलीत टीव्ही होता. सात वाजले की पंधरा-सोळाजण त्या खोलीत दाटीवाटीने बसत. चर्चा ऐकायला नव्हे, वेणीला बघायला. दिवसभरात त्यांच्या भाषेत बोलणारं जगात तेवढंच एक माणूस पडद्यावर यायचं. त्यातले बरेचजण अक्षरं लावून वाचायचे. शाळेत त्यांना वाचायला शिकवण्यापेक्षा ओठ हलवून बोलायला लावण्यातच वर्षं गेली होती. पट्टीवरचा शब्द लागेपर्यंत पट्टी पुढे जायची.

मी सांगतोय त्या आठवड्यात चर्चेला विषय होता जांभई. एका समारंभात सत्तेतल्या नेत्याचं भाषण चालू असताना समोर बसलेल्या विरोधी नेत्याने जांभई दिली. ती कॅमेऱ्यात आली. एवढंच. पण सोमवारी आम्ही विचारलं, ‘ही जांभई की अपमान?’ मंगळवारी, ‘जांभईमागे कोणाचा हात?’ बुधवारी झोपेच्या आजाराचे डॉक्टर आणले. ती जांभई इतक्या संथ गतीने दाखवली की नेत्याची अक्कलदाढ मोजता यावी. लोक बघत होते. आकडे चढत होते.

रोज दोन प्रवक्ते यायचे. विरोधी पक्षाचे जाड भिंगांचा चष्मा लावणारे, सत्तेतल्यांचे मफलर गुंडाळणारे. पडद्यावर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. जाहिराती लागल्या की मफलरवाले विचारायचे, ‘साखर कशी आहे तुमची आता?’ चष्मेवाले सांगायचे, ‘गोळी बदललीय. बरं, पुढच्या भागात मी टेबलावर हात आपटतो, तुम्ही उठून जायची धमकी द्या. पण जाऊ नका हं, मागच्या वेळी खरंच निघालात.’ मग दोघं हसायचे. हे माझ्या कानात.

गुरुवारी वेणी मला जिन्यात भेटली. ‘दादा, जांभईची खूण एकच आहे हो. चार दिवस तीच करतेय. काल भाऊ म्हणाला, सात वाजले की आमची अख्खी खोली जांभया द्यायला लागते.’

शुक्रवारी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस दूर वर, डोंगरात पडत होता आणि तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. सात वाजता चर्चा सुरू झाली. सात वाजून नऊ मिनिटांनी, एका नटीचं लग्न आणि सामन्याचा स्कोअर यांच्या मधून पट्टीवर एक ओळ गेली: ‘वरच्या धरणातून पाणी सोडण्याचं प्रमाण वाढवलं. नदीकाठच्या सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावं.’

मी ती वाचली नाही. खरं सांगतो, सव्वीस वर्षांत मी पट्टी कधी वाचलीच नव्हती. वेणीने वाचली. तिच्या समोरच्या छोट्या पडद्यावर ती तिच्याच हातांखालून गेली.

जाहिराती लागल्या तशी ती खोलीतून धावत कंट्रोल रूममध्ये आली. चेहरा पांढराफटक. आमचे प्रोड्यूसर कानाला फोन लावून आकडे ऐकत होते.

‘साहेब, धरणाचं पाणी सोडलंय. निवेदकांना एकदा वाचायला सांगा ना. एकच वाक्य.’

‘पट्टीवर आहे की.’

‘पट्टी वाचता येत नाही हो सगळ्यांना. ते मोठ्याने बोलले तर मला हाताने सांगता येईल. माझा भाऊ तिथेच राहतो, नदीला लागून. भावजयीला सातवा महिना आहे.’

प्रोड्यूसरांनी फोनवर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त जांभई होती. ‘बाई, तिथे गाडी फिरवतात, भोंग्यावरून सांगतात. सगळ्यांना कळतं.’

‘भोंगा,’ ती म्हणाली.

‘फोन तरी करू दे मला.’

आमच्यासारख्यांचे फोन बाहेर कपाटात जमा असत आणि किल्ली गेटवरच्या रखवालदाराकडे. ती गेटपर्यंत पळाली. रखवालदार मोटारी लावून घ्यायला मागच्या अंगणात गेला होता. आणि फोन मिळून तरी काय होणार होतं? भुवईला फोन वाजलेला ऐकू येत नाही. व्हिडिओ लावला तर त्याचं लक्ष जायला हवं. या घटकेला त्याचं लक्ष कुठे असणार ते तिला पक्कं ठाऊक होतं. ‘चाळीस सेकंद’ अशी हाक आली. ती परत हिरव्या कापडासमोर जाऊन उभी राहिली.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. पहिलं एक मिनिट ती जांभईच सांगत होती. चष्मेवाले म्हणत होते, जांभई ही शरीराची क्रिया आहे. मफलरवाले म्हणत होते, संस्काराची आहे. आणि तिचे हात ते बिनचूक सांगत होते. मन नदीकाठी होतं, हात मात्र सवयीने चालत होते. ‘त्या हातांचाच मला राग आला,’ ती म्हणाली. मग तिने ते खाली घेतले, एक श्वास घेतला आणि पुन्हा उचलले.

‘थांबा. हे दोघं काय बोलतात ते मी आता सांगणार नाही. हे माझं बोलणं आहे. धरणाची दारं उघडली. पाणी येतंय. नदीजवळ असाल तर उठा. वर जा. शाळेच्या टेकाडावर जा. शेजारच्यांना हलवून उठवा. भुवई, तू बघतोयस ना? ऊठ.’

आणि मग पुन्हा तेच. आणि पुन्हा.

स्टुडिओत कोणालाही कळलं नाही. कळणार कसं, त्या इमारतीत ती भाषा येणारं दुसरं माणूसच नव्हतं. मलाही येत नव्हती. पण त्या जांभईची चित्रफीत लावली तेव्हा दोघे प्रवक्ते गप्प होते, निवेदक पाणी पीत होता, माझ्या यंत्रावर सगळ्या आवाजांचे काटे शून्यावर होते, आणि कोपऱ्यातले हात मात्र चालूच होते. कोणी काही बोलत नसताना ही काय सांगतेय? मी पडद्याला नाक लावून बघितलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तळवे खालून वर, खालून वर जात होते. ते कळायला भाषा यावी लागत नाही.

मी प्रोड्यूसरांकडे पाहिलं. ते चित्रफितीकडे बघत होते. तोंडाशी आलेलं मी गिळलं. त्यात शौर्य वगैरे नव्हतं. बोललो असतो तर तिची चौकट तत्क्षणी काढली गेली असती, एवढं मला समजत होतं.

तिकडे भुवईच्या खोलीत आधी हशा पिकला. ‘मी दोघांचं बोलणं सांगणार नाही’ म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, आज वेणी कंटाळली. मग तिने भुवईचं नाव घेतलं आणि खोली थिजली. पडद्यावरचं माणूस नाव घेऊन बोलावतं, असं त्यांच्या जन्मात कधी झालं नव्हतं.

ते सगळे गल्लीत पळाले. भोंग्याची गाडी येऊन गेली होती, पण वरच्या डांबरी रस्त्यावरून. खाली गल्लीत ऐकू येणाऱ्यांनीही ती ऐकली नव्हती, कारण घरोघरी टीव्ही मोठ्याने लागले होते आणि त्यावर आमचीच जांभई चालू होती. बहिऱ्या माणसांनी दारं बडवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, यांची आपसात जुंपलीय. भुवईने शेजारच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांचा हात धरून ओढला. काका खेकसले, ‘काय आहे रे? पूर आला असता तर टीव्हीवर सांगितलं नसतं?’ आणि टीव्हीकडे बोट केलं. भुवईने त्यांचं तेच बोट धरून पडद्याच्या कोपऱ्यावर टेकवलं. काकांनी चौकटीतल्या बाईचे हात बघितले, भुवईचे हात बघितले. दोन्ही एकच सांगत होते. काकांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत.

आठ वाजता वेणी बाहेर आली, किल्ली मिळवली, व्हिडिओ लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. भावजयीचा लावला. नाही. ती जिन्यातच खाली बसली.

‘दादा, त्यांनी बघितलं नसेल तर?’

मी तिला स्कूटरवर घेतलं. रस्ते भरलेले, पण कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. एका दुकानाबाहेर घोळका आमच्याच वाहिनीवरची आठची चर्चा बघत उभा होता. मागे बसून ती माझ्या खांद्यावर बोटं आपटत होती, मला वाटलं घाई करा म्हणतेय. नंतर कळलं, ती नकळत तीच वाक्यं पुन्हा सांगत होती.

पुलावर पोलिसांनी अडवलं. खाली नदी नव्हतीच, एक काळं, फुगलेलं, सरकणारं काहीतरी होतं, आणि त्यात वस्तीतले खांबावरचे दिवे एकेक करून विझत होते. पुलावर शे-दीडशे माणसं कठड्याला लागून हाका मारत होती. पाण्याच्या आवाजात हाक हातभरही जात नव्हती. पलीकडे टेकाडावरच्या शाळेच्या व्हरांड्यात दिवा होता आणि दिव्याखाली गर्दी. कोण आहे, कोण नाही, काही लागत नव्हतं.

वेणी रस्त्यावरच्या दिव्याखाली गेली. दुभाजकाच्या कठड्यावर चढली. मी तिचे पाय धरून उभा राहिलो. तिने दोन्ही हात वर करून हलवले आणि वाट बघितली. पुन्हा हलवले. तिसऱ्यांदा हलवल्यावर पलीकडे व्हरांड्यात एक माणूस गर्दीतून दिव्याखाली आला आणि त्याने डाव्या खांद्यावरून मूठ खाली ओढली.

वेणीच्या तोंडून आवाज निघाला, तसा मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

‘काय म्हणतोय?’

‘म्हणतोय, सगळे आहोत. बायकोचे पाय सुजलेत, पण बरी आहे.’ ती हसत होती आणि नाक पुसत होती. ‘विचारतोय, तू जेवलीस का.’

मग पुलावरच्या लोकांच्या लक्षात आलं, या पुरावरून बोलता येणारी इथे एकच बाई आहे. त्यांनी तिला गराडा घातला. ‘माझी मुलगी विचारा, निळा फ्रॉक.’ ‘आमचे शिंपीकाका?’ ती विचारायची, भुवई गर्दीत शिरून यायचा आणि सांगायचा. आहे. आहे. आहे. एक बाई म्हणाली, ‘माझ्या सासूबाई. गल्लीच्या तोंडाची खोली, दार हिरवं रंगवलेलं आहे. हट्टी आहेत, पटकन उठायच्या नाहीत.’ भुवई आत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा सावकाश हात हलवले.

वेणी त्या बाईकडे वळली. मला तिचं लहानपण तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून ती एवढी का थांबली ते कळलं नाही. ‘तिथे नाहीत,’ ती म्हणाली. ‘आमच्या लोकांनी दार ठोठावलं होतं. आतून कडी होती. नंतर पाणी आलं.’

बाई खाली बसली. वेणी उतरून तिच्याजवळ बसली आणि दोन मिनिटांनी पुन्हा कठड्यावर चढली, कारण लोक थांबले होते. गल्लीतल्या दोनशेवर माणसांत ती एक म्हातारी गेली. बाकी सगळी वाचली.

दुसऱ्या दिवशी ऐकू न येणाऱ्यांच्या मंडळाचं आभाराचं पत्र वाहिनीत आलं, आणि काय घडलं होतं ते आमच्या संपादकांना तेव्हा कळलं. सकाळी ते कडाडले, ‘हे प्रक्षेपण आहे की खेळ?’ तिला घरी पाठवायचं ठरलं. दुपारपर्यंत ती बारकी चौकट मोठी करून कोणीतरी इंटरनेटवर टाकली होती आणि लाखो लोकांनी बघितली होती. तीन वाजता संपादक तिला म्हणाले, ‘बसा ना, बसा. चहा घ्या.’

संध्याकाळचा विषय ठरला: ‘कोपऱ्यातल्या बाईने सरकारला उघडं पाडलं?’ तिच्यासाठी मधली खुर्ची ठेवली होती, मेकअप करायला माणूस बोलावला होता.

‘आणि चौकटीत कोण उभं राहणार?’ तिने विचारलं.

संपादकांना प्रश्नच कळला नाही. ‘चौकटीत? अहो, आज तुम्ही पूर्ण पडद्यावर आहात!’

‘मग मी काय बोलले ते माझ्या लोकांना कोण सांगणार?’

‘एक दिवस राहू दे हो.’

‘शाळेत टीव्ही लावलाय,’ ती म्हणाली. ‘ते सात वाजता बघणार आहेत.’

आणि ती झाडू-बादल्यांच्या खोलीत गेली. मधली खुर्ची रिकामी ठेवून चर्चा सुरू झाली. चष्मेवाले म्हणाले, ही वीरकन्या आमच्याच विचारांची आहे. मफलरवाले म्हणाले, ही बाई विकली गेलीय, दहशत पसरवायला हिला पाठवलं होतं, कालच्या धावपळीतच ती म्हातारी गेली. मी आवाजाच्या कळांवर बोटं ठेवून बसलो होतो आणि एकदा मनात आलं, याचा आवाज बंद करून टाकावा. कोपऱ्यात वेणी उभी होती. ‘वीरकन्या’ तिने सांगितलं. ‘ही बाई विकली गेलीय’ हेही सांगितलं, अंगठ्याच्या टोकापर्यंत बिनचूक. म्हातारीचं आलं तेव्हा हात क्षणभर थांबले, आणि तेही सांगितलं. जाहिराती लागल्यावर मफलरवाले चष्मेवाल्यांना म्हणाले, ‘म्हातारीचं जरा जास्त झालं का हो?’ ‘छे, छे. चाललं.’

शाळेत चार दिवस पिण्याच्या पाण्याचा टँकर दिवसातून एकदाच यायचा. दोन्ही पक्षांचे नेते येऊन गेले, कॅमेऱ्यांसोबत. भुवईने त्यातल्या एकाला हाताने सांगितलं, पाणी हवंय. नेत्यांना वाटलं, आशीर्वाद मागतोय. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ते छायाचित्र सगळीकडे छापून आलं. पाचव्या दिवशी आमच्याकडे विषय बदलला. कोणत्या नेत्याने कोणाच्या खुर्चीवर आधी बसायचं, असं काहीतरी होतं.

वेणीने सगळ्या कचेऱ्यांना अर्ज दिले. इशारा आला की तो हाताने सांगणारं माणूस पडद्यावर मोठं दिसावं, वस्तीत भोंग्यासोबत दिवाही फिरवावा. एका ठिकाणाहून उत्तर आलं, ‘आपल्या मुद्द्याची नोंद घेण्यात आली आहे.’ नोकरी राहिली. लाखो लोकांनी बघितलेल्या बाईला काढायचं संपादकांना धारिष्ट्य झालं नाही. भावजयीला मुलगी झाली. पाणी ओसरल्यावर भुवई बायको-मुलीला घेऊन त्याच खोलीत परत गेला, कारखाना तिथेच होता, दुसरं घर कुठलं मिळणार? भिंतींवर छातीपर्यंत चिखलाची रेघ होती. तिच्यावरून चुना दिला, तरी ती फिकी दिसतेच.

मध्यंतरी भाचीला ताप होता म्हणून वेणीने चार दिवसांची रजा मागितली. प्रोड्यूसर म्हणाले, ‘घ्या की. चार दिवस कोपरा नसला तर कोणाला कळणार?’ त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिने अर्ज परत घेतला. सकाळी भाचीजवळ बसायची आणि सातच्या आत येऊन उभी राहायची.

मी तिला म्हटलं, ‘ताई, मला शिकवा. निदान चार वाक्यं.’

आता रविवारी मी भुवईकडे जातो. माझी बोटं जाड आहेत, वळत नाहीत. मागच्या रविवारी मी ‘पाणी येतंय, वर जा’ म्हणायला गेलो आणि सगळी खोली लोळून हसली. मी म्हणे ‘सूप येतंय, छपरावर नाच’ असं म्हणालो होतो. भुवईने माझे तळवे धरून सरळ केले आणि पुन्हा करायला लावलं. पुन्हा चुकलं. त्याची मुलगी रांगत येऊन माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. बाहेर नदी अगदी शहाण्यासारखी वाहत होती. भुवई आता हसत नव्हता. त्याने खूण केली, परत.